पावसाळ्यात घाट उतरायचाय, गाडीला ब्रेक कोणता घेऊ? ड्रम, डिस्क, सीबीएस की एबीएस

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. विषय आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या, पण माझी अडचण जरा वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मी लोटे एमआयडीसीत कामाला आहे, गाव पाटण तालुक्यात. शनिवारी ड्यूटी संपली की गाडीवरच घरी जातो, म्हणजे आधी परशुराम घाट, मग चिपळूण, शिरगाव, पोफळी आणि तिथून कुंभार्ली चढायचा, रविवारी संध्याकाळी तोच कुंभार्ली उतरायचा. सध्या ११ वर्षांची १०० सीसी गाडी आहे, दोन्ही चाकांना ड्रम, ना सीबीएस ना काही, तेव्हा ते यायचंच नाही.

गेल्या ऑगस्टात उतरताना एका वळणाच्या अलीकडे समोरून एसटी आली. ती तिच्या बाजूलाच होती, चूक तिची नव्हती, मीच जरा मधून चाललो होतो. दचकून पाय दाबला तर मागचं चाक जागच्या जागी जाम, गाडीची शेपूट डावीकडे गेली आणि मी आडवा होऊन घसरत गटाराच्या दगडापर्यंत गेलो. गुडघा आणि कोपर सोलवटलं, बाकी वाचलो. पण मला सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू का, पडून उठल्यावर बघितलं तर उजव्या हाताची चारही बोटं अ‍ॅक्सिलरेटरच्या रबरावर तशीच आवळलेली होती. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला बोट लागलंच नव्हतं. कारण गाडी शिकलो तेव्हा वडलांनी पहिलं वाक्य शिकवलं होतं, "पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील."

आता नवीन गाडी घ्यायची आहे. तीन पर्याय डोक्यात आहेत. एक, ड्रम किंवा पुढे डिस्कवाली १२५ सीबीएससह. दोन, पुढच्या चाकाला एबीएस असलेली १२५, म्हणजे एक्स्ट्रीम १२५ आर सारखी. तीन, हप्ता थोडा वाढवून १६० मधली ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना एबीएस असलेली, पल्सर एन १६० सारखी. शोरूमचा माणूस म्हणतो सीबीएस म्हणजे एबीएससारखंच, उगाच पैसे घालवू नका. खरं काय ते सांगा. मायलेज, लुक वगैरे मला नकोय, फक्त ब्रेकबद्दल बोला.

फळा_खडू

पहिली गोष्ट, तुम्हाला जास्त लागलं नाही, त्याबद्दल बरं वाटलं. दुसरी, शोरूमवाल्याने जे सांगितलं ते साफ चूक आहे. त्या एका वाक्यामुळे लोक चुकीची गाडी घरी नेतात म्हणून नीट मांडतो.

सीबीएस (कंबाइंड ब्रेकिंग सिस्टीम) म्हणजे दोन ब्रेक एकमेकांना जोडलेले. मोटरसायकलला मागचा पेडल दाबला की त्यातला थोडा जोर पुढच्या चाकालाही जातो, स्कूटरला डावा लिव्हर दाबला की दोन्ही लागतात. हिरो त्याला आयबीएस म्हणते, यामाहा यूबीएस, टीव्हीएस एसबीटी, काम तेच. जोर वाटला जातो इतकंच, चाक जाम होण्यापासून सीबीएस वाचवत नाही. एबीएसचं (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) काम बरोबर तेवढंच आहे, चाक जाम होऊ न देणं. चाकाजवळ दात्यांची किंवा खाचांची एक रिंग असते, शेजारी सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते सतत मोजतो, आणि चाक एकदम थांबायला लागलं असं दिसलं की कंट्रोल युनिट त्या चाकाचं ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडतं, परत लावतं, परत सोडतं, हे सेकंदाला अनेकदा. तुम्ही लिव्हर दाबूनच धरलेला असतो.

आता वडील म्हणाले ते का चुकतं ते बघा. ब्रेक लावला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कमी. म्हणून जोरात ब्रेक लावला की थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करत असतं. कोरड्या चांगल्या डांबरावर ६० च्या वेगाला दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण १८ मीटरमध्ये गाडी उभी राहते, एकट्या मागच्या ब्रेकने तेच अंतर ४० मीटरच्या घरात जातं. ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेकने २८ धरा. आणि घाटाचा १२ ला १ चा उतार असेल तर तेच २८ चे ३४ होतात कारण गुरुत्वाकर्षण उलट्या बाजूने ओढत असतं. यात तुम्हाला दचकून ब्रेकपर्यंत पोचायला लागणारा एक सेकंद धरलेला नाही, त्या एका सेकंदात ६० च्या वेगाने गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

तोंडावर पडण्याची भीती मात्र खोटी नाही. पुढचं चाक जाम झालं की हँडल वळवून काही उपयोग नसतो, फिरणारं चाकच वळतं, जाम झालेलं नुसतं घसरतं, आणि पुढचं घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून आपल्याकडच्या वडीलमंडळींनी पुढचा ब्रेकच सोडून दिला. पुढच्या एबीएसचा खरा फायदा मला हा वाटतो की ज्या ब्रेकमध्ये खरी ताकद आहे तो बिनधास्त दाबता येतो.

पाऊसवाट

वरच्या प्रतिसादाला +१. नियमही सांगून ठेवतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस लागतो आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस यापैकी एक. पण १२५ च्या वर "एबीएस" म्हणजे पुढच्या एका चाकाला असला तरी नियमात बसतं, म्हणून एबीएस लिहिलंय एवढं वाचून थांबू नका, सिंगल चॅनल की ड्युअल ते विचारा. जून २०२५ मध्ये केंद्राने सगळ्याच दुचाक्यांना एबीएस लावायचा मसुदाही काढला होता. युरोपात १२५ च्या वरच्या नव्या मॉडेलना २०१६ पासूनच सक्तीचा आहे.

आणि हे काही नवीन फॅड नाही. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के १०० ला एबीएस दिला, आपल्याकडे टीव्हीएसने २०११ मध्ये अपाची १८० ला दिला. बजाजने तर २०२२ मध्ये प्लॅटिना ११० लाही पुढच्या चाकाला देऊन दाखवला, म्हणजे छोट्या गाडीला जमत नाही असं कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने त्याच मॉडेलच्या एबीएसवाल्या आणि बिनएबीएसवाल्या गाड्या तोलून बघितल्या तर एबीएसवाल्यांचे जिवावर बेतणारे अपघात सुमारे २२ टक्क्यांनी कमी निघाले. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे आकडे वाचले की सीबीएस चालतंय की असं म्हणवत नाही.

माझा स्वतःचा अनुभव, ताम्हिणीत जुलैमध्ये, धबधब्यापाशी कोणीतरी गाडीचं दार उघडलं. दोन्ही ब्रेक दाबले, लिव्हरमध्ये बोटांना तर्र्र्र अशी थरथर झाली, कुणीतरी आतून लिव्हर परत ढकलतंय असं वाटतं. पहिल्या वेळी मी घाबरून लिव्हर सोडला होता, ती चूक करू नका, थरथर म्हणजे तो काम करतोय, दाबून धरा.

ऊसपट्टा

राम राम. जरा वेगळं बोलतो, रागावू नका.

आमच्याकडं शिरोळ भागात ऑक्टोबरपासनं मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या चाकाची माती, वर सांडलेली पाचट. दव पडलं की ती माती साबणागत होते. मी ड्रमवर २० वर्षं गाडी चालवली. ड्रम बंद डबा असतो, चिखल सहसा आत जात नाही, शू (आतनं ड्रमला घासणारे तुकडे) स्वस्त, कुठल्याबी गावात बदलून मिळतात, मागचा नट दोन आटे फिरवला की ब्रेक परत टाईट. सगळे ड्रमला इतकी नावं ठेवतात ते बरोबर नाही.

दुसरं म्हणजे शेताच्या रस्त्यावर, मुरमावर, खडीवर एबीएस गाडी लवकर थांबवत नाही, उलट लांब नेतो. सुट्या खडीवर चाक थोडं जाम झालं तर पुढं खडीचा ढीग साचून गाडी अडते, एबीएस ते होऊ देत नाही. म्हणून तर हिमालयनसारख्या गाड्यांना मागचा एबीएस बंद करायची सोय दिलीय. तेव्हा ड्युअल चॅनलच पाहिजे असं सरसकट सांगू नका, पुढं असला म्हंजे बास, मागं पाय आपल्या अंदाजानं दाबायचा.

फळा_खडू

खडीबद्दल सहमत, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण धागाकर्त्याचा रस्ता डांबर आणि काँक्रीटचा आहे, वर पावसाचं पाणी. ओल्या डांबरावर ढीग साचत नाही.

गॅरेजवाला_चिपळूण

धागा वाचून राहवलं नाही. माझं काम हेच आहे आणि कुंभार्ली, परशुराम उतरून आलेल्या गाड्याच माझ्याकडे येतात. तीन-चार गोष्टी लिहितो ज्या शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

ड्रम. ऊसपट्टा म्हणतात ते साध्या रस्त्याला खरं आहे. पण घाटात काय होतं, सारखा ब्रेक धरून उतरलं की ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. त्यामुळे तोच ब्रेक लावायला पेडल जास्त खाली जायला लागतं. लोक म्हणतात "खाली येईपर्यंत ब्रेकच राहिला नाही" ते हेच. लायनर (शूवरचा घासणारा थर) जळल्याचा वास येतो, उघडून बघितलं तर लायनर काचेसारखं चकचकीत झालेलं असतं, ते मग कितीही दाबा, धरत नाही. आणि आपल्या कोकणच्या पावसात एखाद्या फुटभर पाण्यातून गाडी काढली की ड्रमच्या आत शिरलेलं पाणी लगेच बाहेर येत नाही, पुढे दोन-तीनदा ब्रेक नुसता ओलसर लागतो. पाण्यातून बाहेर आल्यावर हलक्या हाताने ब्रेक धरून थोडं चालवायचं, वाळू द्यायचं.

डिस्क उघडी असते म्हणून लवकर थंड होते आणि पाणी फेकून देते, घाटाला तीच बरी. पण डिस्कला माणूस विसरतो ते तिचं ऑईल. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं, आमच्याकडच्या दमट हवेत तर जास्तच. डॉट ४ चं नवीन ऑईल २३० डिग्रीच्या वर उकळतं, ओलावा मुरलेल्या ऑईलसाठी तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. लांब उतारावर कॅलिपर (डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग) तापलं आणि आतलं ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत येतो, ब्रेक काही लागत नाही. म्हणून दोन वर्षांनी ऑईल बदलाच, गाडी कमी चालली असली तरी. माझ्याकडे सहा-सहा वर्षं ऑईल न बदललेल्या गाड्या येतात, झाकण उघडलं की आत चहासारखं काळपट, आणि तळाला गाळ. झाकणावर जे लिहिलंय तेच ऑईल घाला, डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं असतं, ते डॉट ३-४ मध्ये मिसळायचं नाही.

सीबीएसबद्दल. ड्रमवाल्या गाड्यांना ते सगळं केबल आणि एका छोट्या दांडीवर चालतं. केबल ढिली पडली किंवा तिच्यात गंज धरला की पुढच्या चाकाला जाणारा जोर संपतो, आणि मालकाला कळतही नाही कारण मागचा तर लागतोय. वर्षातून एकदा मेन स्टँडवर लावून पुढचं चाक कोणाला तरी हाताने फिरवायला सांगा आणि पेडल दाबा, पुढचं चाक अडलं पाहिजे.

आणि उतरताना गिअर. चढायला जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनला गाडी धरू द्यायची. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून उतरणारे लोक मी बघतो तेव्हा काळजात धस्स होतं. सगळा भार मग ब्रेकवर.

एबीएस घाटासाठी पाहिजेच का? हो, माझं मत हो. पण कोणता ते मी धागाकर्त्याला एक विचारून मग सांगतो. तुम्ही पडलात तेव्हा पाय दाबलात ना? मग परत तसंच काही झालं तर काय दाबाल असं तुम्हाला वाटतं?

स्कूटीवाली_पुणे

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी लिहायला बसले.

माझ्याकडे सीबीएसवाली स्कूटर आहे, ११० ची, दोन्ही ड्रम. मी सायकलवरून स्कूटरवर आलेली, त्यामुळे कायम डाव्या हाताचाच ब्रेक वापरायचे. आधीच्या जुन्या स्कूटरला डावा म्हणजे फक्त मागचा, आणि त्यावर मी कर्वे रोडला दोनदा घसरले होते. सीबीएस आल्यावर तीच सवय तशीच राहिली पण गाडी खरंच लवकर थांबायला लागली, कारण माझ्या नकळत पुढचाही लागत होता. म्हणून सीबीएस अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, ज्याला एकच ब्रेक दाबायची सवय आहे त्याला ते मदत करतं.

पण मागच्या वर्षी पहिल्या पावसात सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक लागला आणि चाक सरकलंच. पट्टा ओला, वर आठ महिन्यांचं ऑईल आणि धूळ. वेग २५ चा असेल, पाय टेकवून वाचले. तेव्हा समजलं की सीबीएस जोर वाटतं, घसरणं थांबवत नाही. नंतर मी महिनाभर रोज सोसायटीच्या आवारात दोन्ही लिव्हर एकदम दाबायची प्रॅक्टिस केली, जमलंही. पण परवा एक कुत्रं आडवं आलं तर परत नुसता डावाच दाबला गेला. प्रॅक्टिसला दोन, घाबरल्यावर एक.

म्हणून मला वाटतं की कोणती सिस्टीम जास्त चांगली हे विचारण्याआधी, घाबरल्यावर माझा हात किंवा पाय कुठे जातो ते बघायचं आणि तिथे संरक्षण घ्यायचं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

गॅरेजवाले दादा, खरं सांगतो, कालच परत बघितलं. घाणेखुंटच्या फाट्यावर रिक्षा आडवी आली. पायच. हात नाही. ताईंनी लिहिलंय तसंच.

गॅरेजवाला_चिपळूण

मग माझं उत्तर ड्युअल चॅनल. कारण सांगतो.

सगळे म्हणतात पुढचा एबीएस महत्त्वाचा, आणि पुस्तकात ते शंभर टक्के खरं आहे. पुढचा एबीएस असलेली १२५ ही सीबीएसवाल्या १२५ पेक्षा कधीही चांगली, ज्याचं बजेट तेवढंच आहे त्याने डोळे झाकून ती घ्यावी. पण तुम्ही सिंगल चॅनल घेतलीत आणि घाबरून पायच दाबलात, तर त्या क्षणी तुमचा एबीएस वापरलाच जाणार नाही. मागचं चाक ऑगस्टात जाम झालं तसंच होईल. एबीएस ज्या चाकाला आहे ते चाक तुम्ही दाबत नाही, आणि जे दाबता त्याला एबीएस नाही. हात शिकेपर्यंत पाय तुमचा घात करणार नाही अशी गाडी घ्या, आणि मग हाताला शिकवा.

दोन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. वळणात गाडी वाकलेली असताना साधा एबीएस तुम्हाला सांभाळेलच असं नाही, त्याला गाडी किती कललीय ते कळत नाही. ते ओळखणारा कॉर्नरिंग एबीएस ३९० अ‍ॅडव्हेंचरसारख्या महाग गाड्यांना असतो. त्यामुळे वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. आणि टायर. टायर गुळगुळीत झाला की एबीएस काय करणार, रस्ता आणि गाडी यांच्यात दोनच तळहातांएवढी जागा टेकलेली असते.

ऊसपट्टा

गॅरेजवाले मालक, हे पटलं. मी मघाशी म्हटलं होतं पाय आपल्या अंदाजानं दाबायचा, पण अंदाज घ्यायला वेळ असतो तेव्हाच तो अंदाज. माझ्या पोरीला पुढच्या वर्षी कॉलेजला गाडी घ्यायचीय, आधी तिचा हात कुठं जातो ते बघतो. धागा वाचनखूण केलाय.

पाऊसवाट

एक प्रश्न, ड्युअल चॅनलचा मेंटेनन्स खूप असतो का? आमच्या ऑफिसातले दोघं त्याच भीतीने सिंगल घेतात.

गॅरेजवाला_चिपळूण

नाही. नेहमीचं काम तेच, पॅड आणि ऑईल. हां, ऑईल पूर्ण कोरडं पडू दिलंत तर मॉड्युलेटरमध्ये (एबीएसचं प्रेशर सोडणारं-लावणारं युनिट) अडकलेली हवा काढायला सर्व्हिस सेंटरचं स्कॅनर लागू शकतं, पण दोन वर्षांनी ऑईल बदलणाऱ्याला ती वेळ येत नाही.

माझ्याकडे एबीएसची तक्रार म्हणून येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांना काहीच झालेलं नसतं. पंक्चर काढताना चाक खोललं, बसवताना सेन्सरची वायर चिमटली, किंवा ती खाचांची रिंग जमिनीवर ठेवून तिच्यावर गुडघा देऊन टायर काढला आणि रिंग वाकली. सेन्सर आणि रिंग यांच्यात मिलिमीटरच्या आसपास फट असते, रिंग वाकली की संपलं. म्हणून पंक्चरवाल्यासमोर उभं राहायचं, डिस्कची आणि रिंगची बाजू वर ठेवायला सांगायची.

दुसरं, चेनला ऑईल द्यायला गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर लावून गिअरमध्ये मागचं चाक फिरवलं की कधीकधी एबीएसचा दिवा लागतो, कारण मागचं फिरतंय आणि पुढचं उभं आहे, त्याला वाटतं काहीतरी बिघडलं. चावी बंद करून परत चालू करायची, थोडं चालवलं की दिवा जातो. रोज चावी फिरवली की दिवा लागलाच पाहिजे आणि चालायला लागल्यावर विझलाच पाहिजे. विझला नाही तर एबीएस बंद आहे, साधा ब्रेक मात्र लागतो, हळू चालवत गॅरेज गाठायचं.

कोयनाकाठ

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय. गाडी घेतली, १६० ची, ड्युअल चॅनल. हप्ता ठरवल्यापेक्षा जास्त बसला, त्यासाठी सोसायटीचं थोडं कर्ज काढलं, घरी आधी नाराजी होती.

शोरूममध्ये मी आधी टायर बघितले, मग पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना खाचांची रिंग आहे का ते खाली बसून बघितलं. त्या माणसाने परत काही तरी सांगायला सुरुवात केली तेव्हा मी फक्त रिंग बोटाने दाखवली.

पहिले ३०० किलोमीटर जोरात ब्रेक टाळला, पॅड डिस्कवर नीट बसू दिले. मग आमच्या गावात शाळेमागे रिकामं पटांगण आहे, मुरमाचं, तिथे रविवारी सकाळी पाऊस थांबल्यावर गेलो. वडील बरोबर होते. आधी जुनी गाडी आणली, ३० च्या वेगाला पाय दाबला. मागचं चाक जाम झालं आणि ओल्या मुरमात एक लांबलचक सलग चर पडला, शेवटी डावीकडे वळलेला. तो चर बघून वडील काही बोलले नाहीत, नुसते त्याच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले.

मग नवी. ३० ला फक्त पाय. पेडल पायाखाली थरथरलं, मुरमात सलग चर नाही, तुटक तुटक ठसे, आणि गाडी सरळ. ऊसपट्टा म्हणाले होते तसं मुरमावर ती थोडी पुढे जाऊन थांबली, पण सरळ थांबली. नंतर पुढचा. खरं सांगतो, पहिल्यांदा लिव्हरवर बोटं ठेवली तेव्हा घाम फुटला होता. २० ला हलका, मग २५ ला, मग ३० ला दाबून धरला. तीच तर्र्र्र. मी पडलो नाही. तसं २०-२५ वेळा केलं. मग डांबरी रस्त्यावर, गाडी-माणूस नसताना, ४० ला, दोन्ही एकदम.

त्यानंतरच्या दोन रविवारी कुंभार्ली उतरलो. दुसऱ्या गिअरमध्ये, मोठ्या वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करत. एबीएस एकदाही लागला नाही. खाली पोफळीला पोचून डिस्कजवळ हात नेला तर नुसती ऊब होती, जुन्या गाडीच्या ड्रमचा वास यायचा तसा काही नाही. अजून दचकलो की पाय आधी जातो, पण आता मागोमाग दोन बोटं पण जातात, तेवढा फरक पडलाय.

वडलांना ती गाडी पटांगणात चालवायला दिली होती. त्यांनी तीन चकरा मारल्या, चौथ्या चकरेला थांबताना उजव्या हाताची बोटं लिव्हरवर ठेवली. ठेवली म्हणजे दाबला, हलकाच. उतरल्यावर मला विचारलं की जुन्या गाडीला हे बसवून मिळेल का.

गॅरेजवाले दादा, तेच विचारतोय. जुनी गाडी वडील शेतावर आणि कोयनानगरच्या बाजारात नेतात, घाट नाही. तिला एबीएस बसवता येतो का, नाहीतर काय करून घेऊ?

गॅरेजवाला_चिपळूण

अभिनंदन. दोन बोटं जातात म्हणजे काम सुरू झालंय.

जुन्या गाडीला एबीएस बसवायच्या फंदात पडू नका, बाजारात एबीएस म्हणून प्रेशर सांभाळणारा छोटा तुकडा विकतात तो एबीएस नाही, त्याला चाकाचा वेग कळतच नाही. वडलांच्या गाडीला हे करा, दोन्ही ड्रम उघडून शू नवीन, आतून ड्रम पुसून घ्या, ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो, १३० च्या ड्रमला बहुतेक १३१, त्यापेक्षा झिजला असेल तर ड्रमच बदला. पुढची ब्रेक केबल नवीन टाका, ११ वर्षांची केबल आतून कुजलेली असणार, पुढचा ब्रेक कधी वापरलाच नाही तर ती नक्की अडकत असेल. कॅमला (शू फाकवणारा तुकडा) ग्रीस, अगदी थोडं, लायनरला लागू द्यायचं नाही. मागचा टायर गेला असेल तर तोही. पुढचा लिव्हर इतका मऊ झाला पाहिजे की दोन बोटांनी येईल, तर ते वापरतील.

शनिवारी जाताना गाडी माझ्याकडे टाका, किंवा वडलांना घेऊन या, त्यांच्या हाताच्या मापाने लिव्हर लावून देतो.